अंडी फिरवू नका

माझ्या औषधांच्या बॅगेत सिरिंजा, सलाईन, टाक्यांचा दोरा यांच्या जोडीला एक शिसपेन्सिल कायम असते. ती का असते हे आधी सांगते, म्हणजे नवतपाच्या तिसऱ्या दिवशी मी फोनवर एवढी का ओरडले ते कळेल.

अकरा वर्षांपूर्वी मी नुकतीच पशुवैद्यक होऊन बाहेर पडले होते. एका ठिकाणी मदतनीस डॉक्टर म्हणून जायची. तिथे एका दुपारी मगरीची सव्वीस अंडी आली, प्लास्टिकच्या बादलीत, मोटारसायकलच्या हँडलला लटकवून आणलेली. कुठल्याशा नदीकाठी खोदकामात निघाली होती म्हणे. मी ती धुतली. पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यातून काढली, कापडाने पुसली आणि इन्क्युबेटरमध्ये कापसावर नीट मांडली. मग पोल्ट्रीच्या तासाला शिकलो होतो तसं दिवसातून तीन वेळा, अगदी घड्याळ लावून, प्रत्येक अंडं फिरवत राहिले. सकाळी डाव्या कुशीवर, दुपारी उजव्या. रविवारीसुद्धा गेले. एकही पिल्लू निघालं नाही. चाळीस दिवसांनी एक अंडं फोडून बघितलं, मग दुसरं, मग सगळीच. कुठे रक्ताची बारीक जाळी वाळून गेलेली, कुठे नखाएवढा गर्भ बलकाखाली दबून काळा पडलेला.

कोंबडीच्या अंड्यात बलकाला दोन्ही बाजूंनी पिळाचे पांढरे दोर असतात. अंडं फोडल्यावर स्वयंपाकघरात तुम्हीही ते बघितले असतील. त्या दोरांमुळे अंडं कसंही वळलं तरी बलक आत फिरून सावरतो आणि गर्भ वरच राहतो. म्हणूनच कोंबडी आपली अंडी दिवसभर चोचीने उलटीपालटी करत असते. तसं नाही केलं तर गर्भ कवचाला चिकटून मरतो. मगरीच्या अंड्यात हे दोर नसतात. अंडं घातल्यावर साधारण दिवसभरात गर्भ बलकाच्या वर येतो आणि कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो. त्याने चिकटायचंच असतं, कारण तिथूनच त्याला हवा मिळणार असते. पहिल्या काही आठवड्यांत ते अंडं उलटं केलं की गर्भ बलकाखाली जातो आणि गुदमरतो. म्हणजे कोंबडीच्या पिल्लाला जे वाचवतं, त्यानेच मी सव्वीस मगरी मारल्या होत्या, घड्याळ लावून. तेव्हापासून बॅगेत पेन्सिल आहे. सरपटणाऱ्या प्राण्याचं अंडं दिसलं की ते जसं पडलंय तसंच ठेवून वरच्या बाजूला फुली मारायची आणि मगच हात लावायचा.

नवतपा म्हणजे काय हे नागपूरबाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. २५ मेपासूनचे नऊ दिवस. सकाळी आठला ऊन कानशिलाला झोंबतं, कूलरमधून गरम वारा येतो, आणि बाहेर पडताना आई अजूनही माझ्या खिशात कांदा टाकते. त्या दिवशी मी त्रिमूर्तीनगरच्या दवाखान्यात एका कुत्र्याच्या पायाला टाके घालत होते. वनरक्षकांचा फोन आला. अशा कामांना मी वनखात्यासोबत बरीच वर्षं जाते, त्यामुळे त्यांच्याकडे माझा नंबर आहे.

"मॅडम, पेंचच्या काठावर जेसीबी लावली होती. अंडी निघून राहिली. मगरीचीच वाटते. पोट्टे फोटो काढून राहिले. मी टोपल्यात भरून सावलीत ठेवू का?"

मी ओरडले. कुत्र्याचा मालक दचकला. "एकही अंडं हलवायचं नाही. हात लावायचा नाही. पाणी शिंपडायचं नाही. जी माती निघाली तीच हलक्या हाताने वर टाका, ताडपत्री धरून सावली करा, आणि सगळ्यांना पाण्यापासून मागं घ्या. आई जवळच असेल."

"आई तं दिसून नाही राहिली, मॅडम."

"ती दिसणार नाही. पण असेल."

टाके पूर्ण केले आणि निघाले. जबलपूर हायवेने कन्हान ओलांडून, आमडी फाट्यावरून पारशिवनीकडे आत. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की लोक मोबाईल घेऊन बघायला जातात, आणि त्या काठावर गर्दी नको आहे.

पेंचच्या पाण्यात मगर आहे हे नागपूरच्या अनेकांना माहीत नसतं. जंगल म्हटलं की वाघ. तोतलाडोहच्या जलाशयात आणि नदीच्या खोल डोहांत मगरी आहेत, मासेमारी करणारे ढिवर ते जाणून आहेत. शहराला मगर आठवते ती काही वर्षांपूर्वी नाग नदीत एक दिसली तेव्हाची. त्या वेळी पेपरात कुठे 'मगर' छापलं, कुठे 'सुसर'. सुसर वेगळी. तिचं तोंड काठीसारखं लांब आणि निमुळतं, ती मासे खाणारी. आपल्याकडच्या तलावा-नद्यांतली ती मगर. तिच्या शास्त्रीय नावातला 'पॅलुस्ट्रिस' म्हणजे दलदलीतली. रुंद तोंडाची, गोड्या पाण्यातली. मादी आठ फुटांपर्यंत, नर दहा-अकरा. मासे, कासवं, पाणपक्षी, उंदीर, जे मिळेल ते खाते. उन्हाळ्यात डोह आटला तर रात्री पोट उचलून कोस-दोन कोस चालत दुसरं पाणी गाठते, नाहीतर काठाच्या मातीत खोल बीळ करून त्यात पडून राहते. विदर्भाच्या उन्हात टिकायचं तर एवढं यावंच लागतं.

पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. नदीचं पात्र बरंचसं उघडं पडलेलं, पण काठालगत एक डोह भरलेला होता, हिरवट, स्थिर. काठाच्या उतारावर जेसीबीचं बकेट अर्ध्यात थांबलेलं. खाली ताडपत्रीचे चार कोपरे धरून चार माणसं उन्हात उभी होती. वनरक्षकांनी मी सांगितल्याप्रमाणे सगळं केलं होतं. त्यांचे ओठ वाळले होते.

जेसीबी चालवणारा एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा बाजूला कहूच्या झाडाखाली बसला होता. तो उठून माझ्याकडे आला आणि मी काही विचारायच्या आधीच बोलू लागला. "मले वाटलं गारगोट्या हायेत, मॅडम. मंग एक फुटलं न त्यातून शेपूट हाललं. म्या तवाच मशीन बंद केली. पाच फुटले. म्या जाणून नाही केलं." त्याचे डोळे भरून आले होते. मी त्याला सांगितलं, तू मशीन बंद केलीस म्हणूनच बाकीची आहेत. हे मी समजूत काढायला बोलले नव्हते. बकेट अजून एक हात पुढे गेलं असतं तर काहीच उरलं नसतं.

फुटलेल्या पाचांपैकी एक मी आधी तपासलं. ते मेलं होतं, पण त्याच्याकडूनच मला बाकीच्यांचं कळणार होतं. पिल्लू माझ्या वीतभर हातापेक्षा थोडं लांब. अंगावर पिवळसर-करड्या रंगात काळे पट्टे. नाकाच्या शेंड्यावर तांदळाच्या कणीएवढा टोकदार पांढरा कण, आतून कवच कापायचा तो दात. मी पोट बघितलं. मगरीच्या पिल्लाचा बलक शेवटच्या दिवसांत बेंबीतून आत ओढला जातो आणि बाहेर आल्यावरही त्याची शिदोरी त्याला काही दिवस पुरते. या पिल्लाचा बलक जवळजवळ पूर्ण आत गेला होता. बेंबीवर फक्त एक लालसर चीर. याचा अर्थ बाकीची अंडी आज-उद्यावर आलेली होती.

मी ताडपत्रीखाली पालथी पडले आणि वरची माती बोटांनी बाजूला केली. अंडी बदकाच्या अंड्यापेक्षा लांबट, टणक कवचाची. सापाच्या अंड्यासारखी मऊ नव्हेत. ताज्या अंड्यावर पांढरा पट्टा फक्त वरच्या बाजूला असतो, गर्भ वाढतो तसा तो खाली पसरत जातो. इथे जवळपास सगळी अंडी पूर्ण पांढरी झाली होती आणि काहींच्या कवचाला बारीक तडे होते. मी पेन्सिल काढली. एकेका अंड्यावर फुली आणि आकडा. १, २, ३. या टप्प्याला अंडं चुकून वळलं तरी पहिल्या आठवड्यांइतका धोका नसतो, हे मला माहीत होतं. तरी मी बावीसही अंड्यांवर फुल्या मारल्या.

सातव्या अंड्यावर पेन्सिल टेकवली आणि आतून आवाज आला. ऊंक्. मी थांबले. पुन्हा, ऊंक्, ऊंक्. मग शेजारच्या अंड्यातून. मग खालून कुठून तरी, मातीतून. अंड्यातली पिल्लं एकमेकांना अशी हाक देतात, म्हणजे सगळी एकाच वेळी बाहेर यायला लागतात. आणि ही हाक आईलाही असते. कवचावर हलकं टिचकलं तरी ती बोलतात. जेसीबीच्या हादऱ्यांनी ती सकाळीच जागी झाली असावीत असा माझा अंदाज आहे. ताडपत्री धरलेल्या चौघांपैकी एकाने विचारलं, "बेडूक हाय का आत?" मी त्याला खाली वाकून ऐकायला सांगितलं. त्याने ऐकलं आणि ताडपत्रीचा कोपरा दोन्ही हातांनी धरला.

माझ्याकडे लसींच्या फ्रीजसाठीचा वायरवाला थर्मामीटर असतो. तो मी आधी उघड्या मातीवर ठेवला: ५८. मग वरच्या अंड्यांच्या मध्ये: ३६ च्या पुढे आणि चढता. मग कोपरापर्यंत हात घालून खड्ड्याच्या न उकरलेल्या बाजूला: ३२.८. त्या काठावर सावलीतही ४५ अंश असताना तिने मार्चमधल्या कुठल्यातरी रात्री मागच्या पायांनी अशी जागा आणि अशी खोली निवडली होती, की मेच्या अखेरीस आत ३२.८ राहावं.

मगरीत नर-मादी गुणसूत्रांनी ठरत नाही, घरट्याच्या उबेने ठरतं. सतत २८ ते ३१ अंशांत उबवली तर सगळ्या माद्या. ३२.५ च्या आसपास नर. त्याहून वर गेलं की पुन्हा माद्या येऊ लागतात. एक-दीड अंशाचा खेळ, आणि तोही उबवणीच्या मधल्या टप्प्यात. त्या दिवशीच्या माझ्या आकड्यावरून या बाविसांत नर किती हे सांगता येत नव्हतं, ते एप्रिलमध्येच ठरून गेलं होतं. मला भीती वेगळीच होती. ३४-३५ च्या वर फार वेळ राहिलं तर पिल्लू आतच दगावतं, आणि वरची अंडी तिथवर केव्हाच पोचली होती.

माझा हात खड्ड्यातच होता. डोंगेवाले काका माझ्या मागे बांबू घेऊन उभे होते, त्या डोहात जाळं टाकणारे. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, हात काढा. उठू नका, मागं सरका."

मी मान वळवली. पाण्याच्या कडेला, माझ्यापासून बारा-तेरा फुटांवर, ती आली होती. पाण्यातून कधी निघाली कोणालाच कळलं नव्हतं. पुढचे दोन पाय काठावर, बाकी अंग पाण्यात. गळा फुगलेला. तिने फुत्कार सोडला. लोहाराच्या भात्यासारखा, लांब, कोरडा. माझ्या दंडावर शहारा आला. घरट्यावर बसलेली मादी धावून येते. तिच्या घरट्याशी ढिलाई करून चालत नाही, आणि मी ती केली होती. मान खाली घालून, पाण्याकडे पाठ करून पडले होते. काकांनी बांबू आडवा धरला, मारला नाही, फक्त तिच्या-माझ्यामध्ये धरला. मी कोपरांवर मागे सरकले. ताडपत्री धरलेले चौघेही तसेच मागे सरकले, ताडपत्री सोडून. पळालं कोणी नाही, हे मी विसरणार नाही.

ती पुढे आली नाही. जबडा उघडा ठेवून तिथेच राहिली. मला तिचा जबडा स्पष्ट दिसत होता. कडेने मोहरीएवढे काळे ठिपके, ओळीने. पाण्यातली बारीकशी हालचालही त्या ठिपक्यांना कळते. माणसाच्या बोटांच्या टोकांपेक्षाही ते जास्त संवेदनशील असतात. खड्ड्यातून पुन्हा आवाज आला, ऊंक्. तिने डोकं किंचित तिरकं केलं. वीस मिनिटं आम्ही अशीच समोरासमोर होतो. मग ती मागे सरकत पाण्यात गेली, आणि डोहाच्या मधोमध दोन डोळे आणि नाकपुड्या तेवढ्या वर राहिल्या.

"तीन साल झाले, ह्याच टेकाडावर घालते ती," काका म्हणाले. "आमी जाळं तिकडून टाकतो तवा." मला हेच हवं होतं. माद्या पुन्हा पुन्हा त्याच जागेला येतात, आणि या लोकांनी तीन वर्षं कोणाला न सांगता तिला जागा सोडली होती.

तोवर खोदकामाचा ठेका घेतलेल्या माणसाचा फोन येऊन गेला होता. आता तो स्वतः गाडीने आला. एसी गाडीतून उतरला नाही, काच खाली केली. "मॅडम, मशीनचं मीटर चालू आहे. अंडी घेऊन जा ना नागपूरला, झूमध्ये द्या. आम्ही काय नाही म्हणून राहिलो का?" मी त्याला समजावायला गेले की ही आज फुटणार आहेत, प्रवासात आणि नंतर आईविना काय होईल सांगता येत नाही. त्याने घड्याळ बघितलं. मग वनरक्षकांनी बोलायला घेतलं. शांत माणूस, पण त्यांनी एकच सांगितलं: वन्यजीव कायद्यात मगर अनुसूची १ मध्ये आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत सरपटणाऱ्या प्राण्याची अंडी फोडणं, घरटं विस्कटणं ही शिकारच आहे. पंचनामा करायचा का? काच वर गेली. तासाभरात वनक्षेत्रपालांकडून काम थांबवण्याचं पत्र आलं. मीटरची काळजी त्या पोराला नव्हती. त्याने किल्ली काढून खिशात टाकली आणि पुन्हा कहूखाली येऊन बसला.

माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. अंडी नागपूरला नेऊन उबवायची, किंवा इथेच ठेवायची. नेली असती तर बहुधा बाहेर आली असती. पण मग एवढीशी बावीस पिल्लं, आणि त्यांना सांभाळणारं कोणी नाही. मगरीची पिल्लं पहिले काही आठवडे आईच्या अवतीभवती घोळक्याने राहतात. एकाने हाक दिली की ती धावून येते. बगळे, घोरपडी, मोठे मासे, कासवं, घारी, सगळ्यांचं ते खाद्य आहे. आई असूनही बहुतेक मरतातच. आई नसेल तर विचारायलाच नको.

मी आरएफओ साहेबांना, म्हणजे वनक्षेत्रपालांना, फोन केला आणि सांगितलं की जेसीबीने कापलेल्या कडेपासून दोन मीटर वर, त्याच मातीत, तेवढ्याच खोलीवर नवा खड्डा करून ठेवते. त्यांनी विचारलं, खात्री आहे का? मी म्हटलं, नाही, पण आवाज चालू आहेत.

खड्डा हातांनी केला. दोघे पाण्याकडे तोंड करून बांबू घेऊन उभे राहिले, त्यांचं काम फक्त डोहाकडे बघायचं. मी कोपराचं माप घेऊन खोदलं, तळाशी थर्मामीटर लावला, ३२ आले तेव्हा थांबले. मग एकेक अंडं दोन्ही तळहातांवर, फुली वर ठेवून, पाण्याचा काठोकाठ भरलेला पेला नेतात तसं नेलं. दोन मीटर, बावीस फेऱ्या. अंगातून घाम इतका गळत होता की अंड्यावर पडेल म्हणून मी दुपट्टा कपाळाला बांधला. बकऱ्या चारणारी एक म्हातारी आजी केव्हापासून टेकाडावर बसून बघत होती. शेवटचं अंडं ठेवून मी माती लोटली तेव्हा ती म्हणाली, "माय हाय थे. येईनच." आणि बकऱ्या हाकत निघून गेली.

मग थांबणं. दीडशे पावलांवर कहूच्या झाडांमागे आम्ही सहा जणं. पाणी संपलं, पोराने सायकलवर जाऊन कॅन भरून आणली. दुपारपासून तिन्हीसांजेपर्यंत काही घडलं नाही. मी मनाशी सगळं मोजत होते. आम्ही मातीला आपल्या घामाचा वास लावला, डिझेलचा वास आहे, जागा दोन मीटर सरकली आहे.

साडेसहा वाजून गेले आणि पाण्याला रेघ उमटली. ती यावेळी लपून आली नाही. पोट जमिनीपासून उचलून, चारही पायांवर, जड चालीने उतार चढली. आधी जुन्या जागेवर गेली. तिथे उकरलेली माती, फुटक्या कवचांचा वास. तिने गळा मातीला टेकवला आणि निश्चल पडून राहिली. माझ्या शेजारी वनरक्षक श्वास रोखून होते. पाच मिनिटं असतील. मग ती उठली आणि दोन मीटर वर सरकली. पुन्हा गळा टेकवला. आणि पुढच्या पायाने उकरायला लागली. डावा, उजवा, डावा.

मी दुर्बिणीतून बघत होते, हात थरथरत होते म्हणून ती झाडाला टेकवली होती. तिने तोंड खड्ड्यात घातलं आणि वर काढलं तेव्हा दातांच्या मध्ये एक पांढरं अंडं होतं. ती ते गिळत नव्हती. जीभ आणि टाळू यांच्यामध्ये हळूहळू फिरवत होती, कवचाला तडा जाईपर्यंत. ज्या जबड्याने ती कासवाची पाठ फोडते, त्याच जबड्याने. जगात बरेच दिवस लोकांना वाटायचं की मगर आपली पोरं खाते, आणि हे दृश्य बघून तसं वाटलं तर त्यांना दोष देता येत नाही. तोंड मिटतं, आतून शेपट्या लोंबतात. पण तिने जिभेचा खोलगट झोळा केलेला असतो आणि पिल्लं त्यात बसतात. ती तशीच वळली, उतार उतरली, पाण्यात शिरली आणि जबडा उघडून डोकं अलगद डावी-उजवीकडे हलवलं. पाण्यावर चार-पाच काळ्या काड्या तरंगल्या आणि ओरडायला लागल्या.

काकांनी माझा खांदा दाबला आणि डोहाच्या पलीकडे बोट केलं. तिथे दुसरं डोकं वर आलं होतं, तिच्यापेक्षा रुंद. नर असावा. चेन्नईजवळच्या मद्रास क्रोकोडाइल बँकेत नर मगरीही पिल्लं तोंडात धरून पाण्यात नेताना अभ्यासकांनी बघितल्या आहेत. हा मात्र जागचा हलला नाही, नुसता बघत होता.

अंधार पडेपर्यंत तिच्या पाच फेऱ्या मी मोजल्या. नंतर दिसेनासं झालं, पण ऐकू येत राहिलं. मातीचा सर्र आवाज, पाण्याचा चुबका, आणि पिल्लांचा कालवा. बॅटरी मारली नाही. फक्त निघताना वनरक्षकांनी एकदा पाण्यावरून झोत फिरवला. दोन मोठे निखारे आणि त्यांच्याभोवती राईराईएवढ्या ठिणग्या. जेसीबीचा पोरगा मोजायला लागला, अकरापर्यंत मोजून त्याने सोडून दिलं.

रात्री गावातच कोणाच्या तरी अंगणात बाजेवर पडले. झोप आली नाही.

सकाळी साडेपाचला खड्डा बघितला. चार अंडी उरली होती. क्रमांक ३ आणि १९ हातात घेताच कळलं, ती कधी फळलीच नव्हती. पट्टा नव्हता, आत पाणी डुचमळत होतं. १२ आणि २० जिवंत होती, पण गप्प. आई कधी कधी अशी मागे राहिलेली अंडी तशीच सोडते. तिचं लक्ष आता पाण्यातल्यांकडे असतं. त्यांना तिथे ठेवलं असतं तर तासाभरात घोरपडीने उचललं असतं. ती दोन मी त्याच मातीच्या डब्यात, फुली वर ठेवून, परवानगीने नागपूरला सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये, म्हणजे वनखात्याच्या वन्यप्राणी उपचार केंद्रात, आणली. मागच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसले. प्रत्येक गतिरोधकाला ड्रायव्हर भाऊंनी गाडी चालत्या माणसाच्या वेगाने नेली, मी काही न सांगता.

क्रमांक १२ तिसऱ्या दिवशी मेलं. कवच फोडून तोंड बाहेर काढलं होतं त्याने, पण बलक पूर्ण आत गेला नव्हता, आणि बेंबीतून जंतुसंसर्ग झाला. मी रात्रभर होते तिथे. २० मात्र चौथ्या दिवशी पहाटे बाहेर आलं आणि पहिल्याच मिनिटाला माझ्या अंगठ्याला चावलं. दात सुईसारखे असतात, रक्त आलं. इतका आनंद मला क्वचितच झाला आहे.

त्याला आम्ही ठेवून घेतलं नाही. बेंबी बंद झाली हे दोन दिवस बघितलं आणि आरएफओ साहेबांच्या लेखी परवानगीने पुन्हा त्याच डोहावर गेलो. संध्याकाळची वेळ, नवतपा सरला होता पण ऊन तसंच. डोंगेवाले काका, वनरक्षक, आणि तो जेसीबीवाला पोरगा. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, तो आला होता. काठावर जेसीबीच्या खुणा होत्या, मशीन नव्हतं. पलीकडच्या पाणगवतात हालचाल दिसत होती.

मी डबा पाण्याच्या कडेला आडवा केला. पिल्लू बाहेर आलं, ओल्या मातीवर थांबलं, गळा फुगवला. ऊंक्. पाणगवतातून लगेच उत्तर आलं, एक, मग तीन-चार. ते पाण्यात घुसलं आणि आवाजाच्या दिशेने शेपूट वळवत निघालं.

डोहाच्या मध्यावर पाणी फुगलं आणि दोन डोळे वर आले.

"आता मागं सरका, बाई," काका म्हणाले. आम्ही मागे सरकलो.